बी पडल्यावर

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, वय वर्षं एकाहत्तर, नवऱ्यामागे आणि मग मुलामागेही राहिलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांना तेवढी खात्री नाही, म्हणून ही घाई. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. जे होतं ते मुलाचंच होतं, आणि तो माझ्या आधी गेला.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या वस्तीच्या बागेतल्या नर्सबाईंनी करावी. बाग चालवणाऱ्या आमच्या स्वयंसेवक गटात त्या भाज्यांचे वाफे सांभाळतात. लोक त्यांना टरकून असतात. या कामाला ते बरंच.

२. दुसऱ्या मजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर विकावं आणि आलेली रक्कम, बँकेतल्या ठेवीसह, गटाला द्यावी. नळ्या, हत्यारं, पाण्याची टाकी, जे लागेल ते घ्यावं. मात्र या पैशांतून बागेमागच्या माळावर एकही बाक, फरशी किंवा माझ्या नावाची पाटी बसवू नये. गटाच्या अध्यक्षांना पाट्यांची भारी हौस. ती त्यांनी स्वतःच्या खिशातून भागवावी.

३. शिलाई मशीन शेजारणीच्या सुनेला. माझ्या आजारपणात तिने तोंडातून ब्र न काढता डबा पुरवला. मशीन उलट्या टाक्याला अडतं. दोन शिव्या घातल्या की चालतं. बटणांचा डबा मात्र तिला नाही. त्याचं पुढे येईल.

४. अध्यक्षांना माझी तळाला भोक पडलेली झारी. सहकार्य झिरपत राहिलं पाहिजे, असं ते दर सभेत म्हणतात. ही झिरपते.

५. आता मुलाबद्दल, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. मी त्याला भुंग्या म्हणायची. शिकला, पण नोकरी टिकेना. चार माणसं जमली की त्याचा जीव घाबरा व्हायचा. माझा थोरला भाऊ रंगारी आहे, मनाचा चांगला, पण जिभेला हाड नाही. येता-जाता म्हणायचा, "काय गं, तुझं पोरगं सदा घरात पडीक!" एक दिवस भुंग्या बाहेरून हसत आला. बागेमागच्या माळावर तेव्हा सरकारी पाटी होती, 'पडीक जागा'. म्हणाला, "आई, मामाला सांग, मला माझी जागा मिळाली."

तेव्हापासून तो माळ राखू लागला. राखायचा म्हणजे बहुतेक वेळ वाटच पाहायचा. कचरा वेचायचा, घुसखोर झुडपं उपटायचा, बाकी सगळं वाढू द्यायचा. तिथे एक बारीक पिवळं फूल येतं. शिंपिणीचाच मुलगा, त्याने त्याचं नाव बटण ठेवलं. गवत वर्षातून एकदाच कापायचं, तेही बटणांचं बी पडल्यावर. आधी कापलं तर पुढच्या वर्षी उगवणार काय? बोंडं वाळायला लागली की हा गवतात पालथा पडून कान लावायचा. आत बी खुळखुळलं की उठून मला सांगायला यायचा. इतका आनंद त्याच्या तोंडावर मी दुसऱ्या कशाने पाहिला नाही.

६. साधा ताप म्हणून त्याला इस्पितळात नेलं आणि रक्ताचा आजार निघाला. त्या दिवसांत माझ्या भावाने धावाधाव केली, औषधं आणली, रक्त दिलं. आणि कुणी न सांगता आणखी एक गोष्ट केली. माणसं लावून, यंत्र फिरवून सगळा माळ कापून काढला. नर्सबाईंना म्हणाला, "पोरगं बरं होऊन येईल तेव्हा जागा कशी लख्ख दिसली पाहिजे." बटणं तेव्हा फुलात होती.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भुंग्याने खाटेवरून विचारलं, "आई, बी पडलं का?"

"पडलं रे राजा."

"सगळं?"

"सगळं."

तो डोळे मिटून हसला. दुसऱ्या दिवशी गेला.

मग मी माळावर गेले. म्हटलं, न बघताच पडलं म्हणाले, निदान आता बघून तरी घेऊ. समोर हजामत केल्यासारखी जमीन. घरी परतले तर भाऊ दारात येऊन उभा राहिला, "अगं, मला काय ठाऊक? मी चांगलं करायला गेलो." मी दार लावून घेतलं. त्याने मायेपोटी केलं हे मला तेव्हाही कळत होतं. कळून उपयोग झाला नाही. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

७. पुढच्या वर्षी माळावर पिवळा ठिपका दिसला नाही. फक्त भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे यंत्र पोचलं नव्हतं, थोडी बटणं वाचली होती. मी मुलाच्या जागी जायला लागले, आणि त्या कोपऱ्यातून माळ सावकाश भरत आला. कुंपणाला दरवर्षी कुणीतरी रंग देऊन जातं. मला कळत नाही असं त्याला वाटतं. आत पाऊल टाकत नाही, मी दिसले की रस्ता बदलतो. गुडघे गेलेत त्याचे. हाक मारावीशी वाटते आणि जीभ उचलत नाही. इथे शाई फुटली आहे ती माझ्या डोळ्यांतल्या पाण्याने. तिला कुणी खाडाखोड समजू नये.

८. माळ माझ्या मालकीचा नाही, म्हणून तो मला देता येत नाही, असं वकील म्हणतात. पण कापणी कधी करायची हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. ते काम, भुंग्याचा विळा, फाटकाची किल्ली आणि कोपऱ्यातलं बी भरून ठेवलेला बटणांचा डबा मी माझ्या थोरल्या भावाला देते. गटाची याला संमती आहे. अध्यक्षांनी नाक मुरडलं, पण हात वर केला.

दादा, आता तुझ्याशी. फाटकाच्या आत ये. बोंडं वाळली की गवतात आडवा हो. कुणी पडीक म्हटलं तर म्हणू दे. कान लाव. खुळखुळलं तरी थांब, बोंडं उघडून रिकामी होऊ देत. मग विळा हातात घे, पण चालवण्याआधी त्या कोपऱ्याकडे तोंड करून भुंग्याला मोठ्याने सांग, बी पडलं म्हणून. मला दरवर्षी सांगावंसं वाटतं. पण माझ्या तोंडून त्याने ते एकदा खोटं ऐकलंय. आता तू सांग.

सही: भुंग्याची आई

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि तरी जे आले:
बागेसमोरचा सायकल दुरुस्तीवाला (सही)
औषधांच्या दुकानातल्या बाई (सही)

ठिकाण: बागेतली हत्यारांची खोली.
तारीख: आजची, डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तीच. बटणं फुलात आहेत. अजून कापायचं नाही.