दगडांच्या ढिगाला भंडारा

विश्वजीतच्या वडलांना गिताबाईचा हिमाचलातून नमस्कार.

मी बरी हाय. वैष्णवीनं मला लोकरीत एवढं गुंडाळलंय की आपली काळी मेंढी बरी. तुमचा गुडघा कसा हाय? फोनवर बोललं तर नात ऐकती, म्हणून हा कागद.

पोरगी पाहुण्यांना सायकलीवर डोंगरात नेती. बारीक खडीच्या वाटा, मोटारीचं नाव न्हाई. फाटा फुटतो तिथं ती दगडांचा ढीग रचती, म्हंजी कुठं वळायचं ते कळतं. लई हुशार हाय. तिला काय होऊ नये म्हणून मी एका ढिगाला भंडारा लावला आन् पाया पडले. मेंढरं घेऊन खिंड चढताना आपण लावायचो, तसाच.

झालं. इथल्या मेंढपाळांनीबी फुलं वाहिली. आता त्या वाटेवर दरड कोसळलीय. ढीग दुसरीकडं न्यायचा, तर गाववाले हात लावू देईनात. वैष्णवी चिडून म्हणती, "आजी, देव तू बसवलास, आता तूच उठव." मी कशी उठवू? नुसता वैताग आलाय.

ढीग बघून कुणी दरडीकडं वळू नये म्हणून मीच दिवसभर तिथं बसते आन् हातानं दुसरी वाट दाखवते. कानाला फडकं बांधलंय, काळजी करू नका. नात जेवण आणून देती, पर डबा ठेवून लगेच माघारी फिरती.

देवाचं बघणाऱ्या भिमाजी आप्पांना विचारा, देव हलवायचा तर काय करावं, आन् लगेच कळवा. काल एक म्हातारी माझ्यापुढंबी फूल ठेवून गेली.

फाट्यावर बसलेली,
तुमची गिता