सुनेचा रिपोर्ट

९ फेब्रुवारी

कॅन्सर. लिव्हरचा. माझ्या मुलाला — ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, त्याला!

डॉक्टर म्हणाले, बी काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं अंगात दबा धरून बसतो. बाहेर काही दिसत नाही, आत लिव्हर पोखरत राहतो. "रक्तातून येतो," म्हणाले. पुढचं ऐकायच्या आत मुलाने मला बाहेर बसवलं. आत तो आणि सूनबाई.

रक्तातून! आणि आमच्या घरात दिवसभर लोकांचं रक्त काढणारी एकच. लॅबमध्ये सुया टोचून येते आणि त्याच हातांनी भाजी चिरते. बाहेर आली तेव्हा माझ्या नजरेला नजर देईना. मला काय कळायचं ते कळलं.

१२ फेब्रुवारी

तिचं ताट, पेला, टॉवेल वेगळा केला. चिमणीला माझ्या खोलीत झोपवते आता. नात माझी आहे, तिला तरी वाचवते. सूनबाई म्हणते, "आई, असं ताटावाटीतून नाही पसरत हो." मला शिकवते! म्हटलं, "मग कशातून पसरतं ते तुला चांगलं माहीत असणार."

१३ फेब्रुवारी

लग्नाच्या वेळीच म्हणत होते, बँकेतली मुलगी बघू.

१७ फेब्रुवारी

आज लॅबच्या मालकिणीला गाठलं. बाकावर माणसं बसलेली असताना, मुद्दाम. म्हटलं, "तुमच्या या मुलीने माझ्या मुलाला रोग दिला. आता पेशंटांना वाटत बसेल." एक बाई वर केलेली बाही खाली करून निघूनच गेली. सूनबाई दारात उभी, चेहरा पांढराफटक.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं. बसची वाट न बघता चालत घरी आले.

२० फेब्रुवारी

तिला काउंटरवर बसवलंय, पावत्या फाडायला. सुईला हात लावायचा नाही. विहीणबाईंचा फोन आला, रडत होत्या. म्हटलं, "रडायचं मी. तुमची मुलगी धडधाकट आहे." आणि ठेवला.

मुलगा दोन घास खातो नि भिंतीकडे तोंड करतो. पोट टम्म फुगलंय. म्हणतो, "आई, तिच्यामागे हात धुऊन लागू नकोस." अजून बायकोचीच बाजू!

जिरवणार. पुराव्यासकट.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरांना मीच म्हटलं, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." म्हणजे या दोघांनी दाबून ठेवलं!

सूनबाई दिवसभर मागे मागे. "माझं आणि चिमणीचं करू. तुम्ही राहू द्या, आई. तुमची शीर सापडत नाही, उगाच टोचाटोची." पाचावर धारण बसली बाईची. सगळ्यांत आधी मीच बाही वर केली.

२८ फेब्रुवारी

तिच्यात विषाणू नाही. कधी नव्हताच. लॅबमध्ये नोकरीला लागतानाच लस देतात म्हणे. चिमणीला जन्मल्याबरोबर दिलेली.

माझ्यात आहे.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वेळी गरोदर बायकांचं हे तपासत नसत. बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. तुमचा काही दोष नाही." मी म्हटलं, तिनेच माझं रक्त बदललं असणार. दुसरीकडे तपासा.

३ मार्च

दुसरीकडेही तेच.

मला रोज एक गोळी दिली आहे. वेळेवर घेतली तर माझं लिव्हर टिकेल म्हणाले. माझं! आग लागो त्या गोळीला.

कोणाच्या नावाने बोटं मोडू आता? माझ्या आईकडून मला आला असेल. ती जाऊन जमाना झाला. तिला तरी कुठे माहीत असणार.

५ मार्च

मुलाला विचारलं, तुला ठाऊक होतं?

"पहिल्या दिवसापासून. डॉक्टर म्हणाले होते, जन्मापासूनचा दिसतो. ती म्हणत होती, आईंना सांगू, औषध सुरू होईल. मीच तिला शपथ घातली. म्हटलं, आईला कळलं तर ती जगायची नाही. तुझ्यावर आलं तर येऊ दे."

तिने येऊ दिलं.