लगेच मोठ्यांना सांगा

५ फेब्रुवारी, सोमवार

इंटरनेट सुरक्षेचा तास मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात मारला. म्हणाल्या, पोरं तुमचं ऐकतात. खरं म्हणजे बाकीच्यांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. चौथीच्या फळ्यावर तीन नियम लिहिले — नाव-पत्ता सांगू नका, फोटो पाठवू नका, काही वावगं वाटलं तर लगेच मोठ्यांना सांगा. मुलांनी एका सुरात म्हटले. आम्ही गावच्या शाळेत पाढे म्हणायचो तसे.

६ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत चौथीतली चष्मेवाली टेबलाशी येऊन उभी राहिली. मोबाइलवरच्या गेममध्ये एक अनोळखी माणूस तिच्याशी बोलतो, फोटो मागतो. तिचं नाव, शाळा, वर्ग सगळं त्याला ठाऊक.

"सर, मी नाही सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं."

नियम पाळून आली होती. शाबासकी दिली. मोठ्या बाईंनी पोलिसांत कळवलं. संध्याकाळी तिच्या वडिलांच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी चिंधीला हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

७ फेब्रुवारी

वडिलांनी फोन काढून घेतला. वर चार फटके. चष्मेवाली माझ्याकडे बघत नाही. पुन्हा काही निरोप आला होता का, विचारलं तर मान खाली. तिच्या शेजारी बसणारा बडबड्या, मला ऐकू जाईल अशा बेताने: "सरांना सांगितलं की मार पडतो."

आता कोण येणार सांगायला!

८ फेब्रुवारी

त्याला नाव कळलं कुठून, हे डोक्यातून जाईना. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शाळेचं इंटरनेटवरचं पान उघडलं. हस्ताक्षर स्पर्धेच्या विजेत्यांचा फोटो. खाली पूर्ण नावं, वर्ग. फोटो मी काढलेला, नावंही मीच टाकलेली — शुद्धलेखन दोनदा तपासून. असे एकतीस फोटो निघाले. सगळे काढून टाकले.

आमच्या गावी पहिल्या आलेल्याचं नाव शाळेबाहेरच्या फळ्यावर लिहीत. मीही कौतुकाने तेच केलं. हा फळा कोणाकोणाच्या दारात उभा आहे, ते पाहिलं नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी देवापुढे बसलो. मन लागेना. उठलो, थेट गॅरेज गाठलं. तिच्या वडिलांना सांगितलं — नाव माझ्यामुळे गेलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे पोरीला मी उगाच मारलं, मास्तर."

"हो. आणि मारू नका, एवढं सांगायचं मला सुचलं नाही."

मग वर्गात. चष्मेवालीची सगळ्यांसमोर माफी मागितली. बडबड्याने हात वर केला: "मग सरांना कोण मारणार?" हसू फुटलं. चष्मेवालीही हसली, थोडीशी.

तिसऱ्या नियमाखाली लिहिलं — सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही. आता सगळ्या पालकांना बोलवायचं आणि त्यांच्याकडूनही हे कबूल करून घ्यायचं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर माझ्या टेबलापुढे रांग लागली. सात जण. प्रत्येकाकडे काही ना काही सांगण्यासारखं.

शेवटी माझी धाकटी लेक. तिसरीत आहे. रोज माझ्या शेजारी बसून जेवते. सांगायला रांगेत उभी राहिली.