चूक किती धरली?

३ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी अण्णांचे फार तर तीन आठवडे सांगितलेत. तुझ्या पायाचं प्लास्टर महिनाअखेरीला निघणार आणि तोवर प्रवास बंद, हे त्यांना समजावलं. पडायला पोरीला दुर्बिणीचाच जिना सापडला का, म्हणाले.

फोनवर त्यांना काडीचं ऐकू येत नाही, म्हणून ईमेलने येणारी तुझी पत्रं मी आपल्या झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या अक्षरांत छापून हातात देतो. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस! आता एकच धोशा लावलाय, की विश्वाचं पुढे काय होणार? सगळं असंच पांगत जाणार, की कुठे थांबणार? पाच वर्षं तू तेच मोजतेयस ना? मग सांगून टाक बाई. त्यांच्या डोळ्यांदेखत कळू दे.

आगाऊपणा पोटात घालावा, माया आटू देऊ नये.
तुझा धाकटा


७ तारीख

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

सांगू काय, कपाळ? मलाच माहीत नाही. फुटणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजून ते किती लांब आहेत आणि मधलं अंतर किती वेगाने वाढतंय, ते आम्ही काढतो. कसली तरी ऊर्जा सगळं दूर ढकलतेय. कृष्ण ऊर्जा म्हणतात तिला. विश्वात दोन तृतीयांशाहून जास्त तीच आहे आणि ती काय आहे ते कुणाला ठाऊक नाही. तिचा जोर टिकला तर पांगापांग कायमची. ओसरला तर गोष्ट वेगळी.

पण आपल्याला हवं तेच उत्तर आपण काढू नये, म्हणून संगणकाने आमच्या आकड्यात एक गुप्त आकडा मिसळून ठेवलाय. तो चोवीस तारखेला सगळ्यांसमोर काढायचा. आधी काढला तर साठ जणांची मेहनत पाण्यात. तरी मी साहेबांपुढे रडले. ते नाही म्हणाले. त्यांच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं, हेच सहन होत नाही रे.

अण्णांना थापा मारू नकोस. त्यांना जप, स्वतःही जेवत जा.
तुझी लंगडी ताई


१५ तारीख

ती. ताईस,
नमस्कार करायला तोंड नाही.

मी माती खाल्ली. तुझ्या नावाने पत्र छापलं, की जोर ओसरतोय, काळजी नसावी. दोन दिवस अण्णा खुशीत होते. नर्सबाईंनाही विश्व समजावून झालं. मग काल मला विचारलं, यात चूक किती धरली आहे? मला वाटलं, चूक नाही म्हटलं की आणखी खूश होतील. शून्य, म्हटलं.

ते म्हणाले, परसाएवढी जमीन मोजली तरी उन्हाने फीत वाढते. शून्य चूक लिहिणारा मोजणीदार लबाड असतो आणि माझी मुलगी लबाड नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. आता तुझं खरं पत्र दिलं तरी न वाचता उशाला सारतात. काय करू, सांग.

राग कर, पण लोभ सोडू नकोस.
तुझा ठोंब्या


२४ तारीख

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद मागाहून, आधी हे वाच.

आकडा निघाला. जोर ओसरत असावा असा कल आहे. पण चूक मोठी आहे. असा आकडा शंभरात पाच-सहा वेळा नुसत्या योगायोगानेही येईल, म्हणून छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही. उत्तर नेमकं तुझ्या थापेसारखंच आलं, मेल्या!

सगळे आकडे चुकीसकट खाली दिलेत. चूक बघितली की त्यांना पटेल. माझी शपथ घाल. आत्ताच्या आत्ता छाप आणि धावत जा.
ताई


२६ तारीख

ती. ताईस,

अण्णा काल दुपारी गेले.

पत्र त्यांनी वाचलं. सकाळी मी शपथ घातली, पाय धरले, तेव्हा भिंग मागितलं. चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी माझा गाल थोपटला. म्हणाले, उत्तर तेच ठेवलंस, पण चूक धरायला शिकलास, सुधारलास हो. मी ओरडून सांगितलं, अण्णा, हे खरं आहे, तिचंच आहे. ते हसले. ताईचं खरं पत्र आलं की मात्र लगेच दे, असं बजावून झोपले, ते उठलेच नाहीत.

लोभ असावा असं कोणत्या तोंडाने लिहू?
तुझा धाकटा