आधी गट, मग नाव

चिंचवड,
२२ एप्रिल १९८३

तीर्थस्वरूप श्याममामांस मधुसूदनचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या कंबरेचं दुखणं मामींच्या शेकानं थांबलं, की शेकून शेकून मामीच थांबल्या? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे पद्मजा ठीक आहे आणि मी कामावर जातो.

तुमचा जन्म आस्थापना विभागात गेला, तेव्हा माणसाची बदली कशी करतात हे मी तुम्हांला सांगायला नको (दर दिवाळीत तुम्हीच मला सांगता). आमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅमचीही बदली करावी लागते. चालू प्रोग्रॅमला एक नाव असतं आणि एक गट असतो. त्यावरून तो कुठल्या फाइलला हात लावू शकतो ते ठरतं. आमचा हजेरीचा प्रोग्रॅम मशीनबरोबर जागा होतो तो सर्वाधिकारी म्हणून, आणि गट व्यवस्थापनाचा. मग त्यानं खाली उतरून टाइम ऑफिसचा साधा कारकून व्हायचं, म्हणजे नको त्या हातात नको ती सत्ता राहत नाही. त्यासाठी सिस्टिमला दोनदा विनवायचं: आधी गट बदल, मग नाव बदल. मी आधी नाव बदललं. नाव बदलताच सर्वाधिकार गेला, आणि मग गट बदलायला सांगितलं तर सिस्टिम म्हणाली, तू कोण सांगणारा? तिचंही बरोबरच आहे. पण तिचा नकार ऐकायला माझा प्रोग्रॅम थांबलाच नाही, कारण थांबून ऐकावं असं मी त्यात लिहिलंच नव्हतं. (पद्मजा म्हणते, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर गेला.) तेव्हापासून तो नावानं कारकून आणि गटानं व्यवस्थापन असा सुखानं नांदत होता.

टाइम ऑफिसात भैरूअण्णा कड असतात, चाकणकडचे. सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणतो. तुकाराम बीजेच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या शिफ्टच्या पोरांसाठी याच हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी सूचना टाइप केली: उद्या बीजेला देहूला जायचं त्यानं खुशाल जावं. ती साध्या कागदावर टाइम ऑफिसच्या भिंतीवर यायची. पण प्रोग्रॅमचा गट व्यवस्थापनाचा, म्हणून ती व्यवस्थापनाच्या नोटिशींत जाऊन बसली. आणि व्यवस्थापनाकडून जे येईल ते लेटरहेडवर छापून न वाचता गेटवर लावायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. (वाचलं तर शंका येते, आणि शंका आली तर साहेबांना विचारावं लागतं.) सकाळी पहिली पाळी कंपनीच्या बसनं गेटवर उतरली, नोटीस वाचली आणि त्याच बसनं देहूला गेली. दुसऱ्या पाळीनंही तेच केलं. आत उरलो मी, वॉचमन आणि उगाच तापलेली भट्टी.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी टेबल बडवून घेतलं. युनियनचे बरकतभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, नोटीस तुमची, मग सुट्टी पगारी." आता नोटीस आमची नव्हे म्हणावं, तर टाइम ऑफिसातला कोणीही मालकाच्या तोंडानं बोलू शकतो हे कबूल करावं लागतं. तेव्हा साहेबांनी ती आपलीच ठरवली. मी घडलं ते सगळं सांगून प्रोग्रॅम दुरुस्त करतो म्हणालो, तर माझ्यावरच डाफरले: अजिबात हात लावू नकोस, दुरुस्त केलास तर तो बिघडलेला होता हे सिद्ध होईल! आणि नोटीस अधिकाऱ्यानंच काढली असं दिसावं म्हणून भैरूअण्णांना मागच्या तारखेनं अधिकारी करून टाकलं.

मामा, मला या बढतीचं हसू आलं नाही. माणूस तोच, नाव तेच, गट तेवढा बदलला आणि अण्णांचं जेवण तुटलं. अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांच्या खोलीत जेवायचं. तिथं बुक्कीनं कांदा फोडलेला खपत नाही. कँटीनमध्ये गेले तर पोरं बोलायची थांबून उभी राहतात. युनियनमधून नाव गेलं. शिवाय बीजेची सुट्टी आता दरसाल कामगारांना मिळणार, अधिकाऱ्यांना नाही. म्हणजे ज्यानं सगळा कारखाना देहूला धाडला तो एकटा इथं बसणार. काल माझ्याकडे आले. "मधुभाऊ, म्या काय गुन्हा केला व्हय? पोरं मला सायेब म्हनत्यात. तुमच्या मशिनीत मला खाली उतरवायचं काय न्हाई का?" डोळे भरले होते त्यांचे. मला फार वाईट वाटलं. आमच्या आस्थापनेत विचारलं, तर माणसाला त्याच्या खुशीनं खाली उतरवायचा मसुदाच नाही म्हणाले. आजवर कोणी मागितलाच नव्हता.

असो. दमलोय मामा. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
मधुसूदन

ता. क. — भैरू कड यांस त्यांच्या विनंतीवरून मूळ पदावर परत पाठवण्यात येत आहे, याचं खास तुमचं कडक इंग्रजी उलट टपाली पाठवा. सही नको, मजकूर पुरे. साहेबांच्या हुकमाप्रमाणे प्रोग्रॅमला मी हात लावलेला नाही, तो अजून व्यवस्थापनाच्याच गटात आहे. अण्णा टाइप करतील, सकाळी लेटरहेडवर गेटवर लागेल, आणि ती नोटीस आपली नव्हे म्हणायची साहेबांची आता छाती नाही.

ता. क. दुसरा — त्याच पाकिटात टेंपररी प्रोग्रॅमरला कायम केल्याचाही एक मसुदा घालावा. त्यात माझं नाव मात्र तुम्हीच ठळक लिहून धाडा. अण्णा मनाचे मोठे आहेत. जागा मोकळी दिसली तर सगळ्याच टेंपररींना कायम करून टाकतील.