तिसऱ्या बाकावरची टोपी

प्रिय पप्पा,

हे पत्र तिसऱ्यांदा उतरवून काढतोय. आधीच्या दोन कागदांवर खाडाखोड झाली होती आणि तसलं पत्र तुमच्या हाती पडावं असं वाटेना. आठवीत शाळा सुटली, पण ही खोड सुटली नाही. दुकानातही तेच. वजनकाटा दुरुस्त झाला की मालक म्हणतात, "झालं की, दे आता," आणि मी पुन्हा पारडं पुसून काटा शून्यावर येतो का ते बघत बसतो. तब्येत बरी आहे. खोकला तेवढा जात नाही.

खोकल्यावरूनच सगळं सुरू झालं होतं. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघताना मी खोकल्याची गोळी चघळली आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभं राहिल्यावर आठवलं, की त्याआधीचा तासभराचा उपवास मोडला. मी मागे फिरलो. घरी तुम्ही हसलात. "अरे येड्या, औषधाने उपवास मोडत नाही. आणि खोकल्याच्या गोळीला घाबरून देव पळतो होय?" ताईही हसली. मला ते फार लागलं. पुढच्या रविवारी माझ्यात दुसरं काहीतरी वाईट सापडलं, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं. काटा तपासावा तसा मी स्वतःला तपासायचो आणि दर वेळी कमीच भरायचो. शेवटी जाणंच सोडलं. तुम्ही समजवायला आलात, तेव्हा बोलून गेलो, की नळ जोडणाऱ्याला देवाधर्मातलं काय कळतं. तुम्ही पाना पिशवीत टाकलात आणि कामाला गेलात. आठ दिवसांत मी इकडे निघून आलो.

त्याला तीन वर्षं झाली. फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, "मिस्साला जातोस ना?" आणि मी "हो" म्हणतो. पप्पा, मी जात नव्हतो.

मागच्या आठवड्यात आपल्या गावातल्या एका गोदामातला मोठा काटा बिघडला म्हणून मालकांनी मला पाठवलं. काम शनिवारी संपलं. घरी यायचं धाडस झालं नाही. निदान एका रविवारचं "हो" खरं व्हावं म्हणून चर्चमध्ये शिरलो आणि शेवटच्या खांबामागे उभा राहिलो. तुम्ही तिसऱ्या बाकावर होतात. शेजारी, माझ्या जागेवर, तुमची टोपी. चर्च इतकं भरलेलं, की लोक भिंतीला टेकून उभे होते. माझ्याजवळची एक बाई ती जागा बघून पुढे निघाली, तर दुसरीने तिचा हात धरला. "तिथं नको जाऊस. नळवाले काका ती जागा कुणाला देत नाहीत, पोराची आहे."

"मग पोरगा कुठाय?"

"पोरगा कुठला! तीन वर्षं टोपीच मिस्सा ऐकतेय."

मला हसू आलं, आणि मी खांबामागे आणखी सरकलो. मग एकमेकांना शांती देण्याची वेळ आली. तुम्ही पुढच्या-मागच्यांशी हात मिळवलात, आणि शेवटी टोपीवर तळवा ठेवलात. जरा वेळ तसाच राहू दिलात.

त्यानंतर फादरांनी भाकर उंचावली आणि सगळ्यांनी एका आवाजात देवाला सांगितलं, की आम्ही लायक नाही. हे मी लहानपणापासून म्हणत आलोय. ऐकलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. लायक नाही असं म्हणणारे तेच सगळे उठले आणि रांगेत उभे राहिले. तुम्हीसुद्धा, दुखरा गुडघा धरून. कोणीही मागे फिरलं नाही. मिस्साला जाऊन स्वतःला तोलायचं असतं, अशी माझी समजूत होती. पप्पा, ते तर जेवणाचं बोलावणं होतं. बोलावणारा आम्हाला ओळखून होता, तरी वाट बघत होता. देव बाप आहे हे मला कधीचं पाठ होतं. ते केवढं मोठं आहे, हे त्या टोपीवरचा हात बघून कळलं. खांबाला धरून मी कितीतरी वेळ उभा होतो.

तुम्हाला न भेटताच परतलो. काल इथल्या फादरांकडे पापनिवेदन केलं. यादी लिहून नेली होती; त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. तुमची माफी मात्र कागदावर मागणार नाही. येत्या रविवारी पहिल्या गाडीने येतोय, दहाच्या मिस्साला. टोपी मांडीवर घ्या. खोकला तोवर गेला नाही, तर गोळी चघळतच येईन.

तुमचाच,
टोपीच्या जागेवरचा