मधल्या ओळीचे गिअर

चऱ्होली,
१२ जुलै २०२५

आदरणीय पप्पा,

सप्रेम जयभीम. पाठ कशी आहे? आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी दोन दिवसांत संपली. निम्मी ऑफिसातल्या स्वप्नालीनेच खाल्ली. कंपनीचा विषय निघाला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून कागदावर लिहिते आहे.

महिनाभर चाकणच्या एका भट्टीची आकडेमोड करते आहे. तुमच्या भट्टीसारखीच, गिअर कडक करायची. एवढ्या तापमानाला उष्णता बहुतेक उजेडासारखी सरळ जाते. म्हणून ट्रेमधल्या कुठल्या गिअरला भट्टीची तापलेली कॉईल किती दिसते, ते संगणकावर काढायचं. गिअरला भोवतालचं जे जे दिसतं, त्या सगळ्या हिश्श्यांची बेरीज एक यायला हवी. माझी मधल्या ओळीत दीड येत होती.

स्वप्नाली म्हणाली, "बाई, तुझा गिअर शेजाऱ्याच्या आरपार बघतोय."

खरंच, शेजारचे गिअर आड येतात हे मी धरलंच नव्हतं. ते धरलं आणि बेरीज एक आली. मधल्या ओळीला कॉईल जवळजवळ दिसतच नव्हती.

मग दर दुसरी ओळ थोडी सरकवली, मध्ये बोटभर जागा सोडली. मधले गिअर बरोबरीने तापले. पडद्यावरची ती मांडणी तुमची होती, पप्पा. "मधल्यालाबी कॉईल दिसू द्या की," असं तुम्ही ट्रे भरणाऱ्यांना सांगायचात.

आता सहा वर्षं न बोललेलं. ट्रे ठासून भरायचा हुकूम आला, तेव्हा तुम्ही मला विचारलंत. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी म्हणाले, "भट्टीत तापमान सगळीकडे सारखंच असतं. उगाच हट्ट करू नका." तुम्ही माझं ऐकलंत. माल मऊ निघाला, ठपका तुमच्यावर आला, नोकरी सुटली. माझं नाव तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत, आईलासुद्धा.

काल चाकणच्या कंपनीत अहवाल मांडला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "ही मांडणी कुठून उचलली?"

"माझ्या वडिलांची आहे," मी म्हणाले. "धम्मपाल सोनकांबळे, एकवीस वर्षं भट्टी ऑपरेटर."

नाव पहिल्या पानावर आहे. २८ तारखेला खरी भट्टी भरायची आहे. साहेब म्हणाले, "मग ट्रे लावायला त्यांनाच बोलवा." या. गेटवर मी उभी असेन. नाही आलात, तरी नाव तिथून हलणार नाही.

वाचून झालं की पत्र आईला द्या. चूक कुणाची होती, ते तिला माझ्या अक्षरात कळू दे.

भट्टी ऑपरेटरची मुलगी,
मिनल